भागीदारीचा लाभ दोघांनाही व्हावा यासाठी सही करण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

प्रश्न: निर्मळधारा

नमस्कार. आम्ही लहान कारखाने आणि वसतिगृहे यांना लागणारी पाणी शुद्ध करणारी यंत्रे तयार करतो. उत्पादनाची बाजू भक्कम आहे, परंतु तंत्रज्ञांचे जाळे नसल्यामुळे विक्रीनंतरच्या सेवेत आम्ही कमी पडतो. या सेवेत मुरलेल्या एका कंपनीने आमच्यापुढे भागीदारीचा प्रस्ताव ठेवला आहे. यंत्रे आमची, विक्री, जोडणी आणि देखभाल त्यांची, आणि नफा निम्मा-निम्मा. मात्र पाच वर्षे आम्ही दुसऱ्या कोणामार्फत विक्री करायची नाही, अशी त्यांची अट आहे. माणसे सचोटीची आहेत, तरीही एवढ्याच आधारावर सही करायला मन धजावत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: ताळेबंद

‘नफा निम्मा-निम्मा’ हे ऐकायला न्याय्य वाटते, पण नेमका कोणता नफा? तुमचा कच्चा माल आणि त्यांच्या तंत्रज्ञांचे पगार वजा केल्यानंतरचा, की त्यांच्या कार्यालयाचे भाडे आणि जाहिरातीचा खर्चही त्यात धरायचा? खर्चाची व्याख्या मोघम राहिली, तर दरवर्षी हिशेब मिटवताना दोघांनाही आपण फसलो असे वाटेल, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतील. त्यापेक्षा तुम्ही त्यांना ठरलेल्या दराने यंत्र विकावे, त्यापुढची कमाई आणि जोखीम त्यांची, आणि कच्च्या मालाचे भाव ठरावीक मर्यादेपलीकडे हलले तरच दराचा फेरविचार करावा, ही मांडणी मला अधिक निकोप वाटते.

दोघांना सारखेच मिळाले पाहिजे, हा आग्रहही सोडावा. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथे एकत्रितपणे मोटारी बनवायला सुरुवात केली, तेव्हा एकाला टोयोटाची उत्पादनपद्धती जवळून पाहायची होती, तर दुसऱ्याला अमेरिकेतील कामगार आणि पुरवठादार यांच्याबरोबर काम करण्याचा अनुभव हवा होता. दोघांच्या गरजा वेगळ्या होत्या, म्हणूनच त्या एकमेकांच्या आड आल्या नाहीत. त्या शिक्षणाचा उपयोग टोयोटाने लवकर करून घेतला आणि १९८८ मध्ये केंटकीत स्वतःचा कारखाना सुरू केला. जनरल मोटर्सला मात्र तेच धडे आपल्या इतर कारखान्यांत रुजवायला फार वेळ लागला. तेव्हा या भागीदारीतून पैशांखेरीज आपल्याला काय हवे आहे, हे तुम्ही आजच कागदावर मांडा आणि त्यांनाही तसेच करायला सांगा.

उत्तर २: मुद्देसूद

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण माझी खरी काळजी नाममुद्रेविषयी आहे. यंत्रावर नाव कोणाचे असेल आणि ग्राहकांची यादी कोणाकडे राहील? फ्रान्सची दानोन आणि चीनची वहाहा या खाद्यपेये बनवणाऱ्या कंपन्यांनी १९९६ मध्ये संयुक्त उपक्रम सुरू केले. नाममुद्रा त्या उपक्रमाकडे सोपवायची असे ठरले होते, परंतु चीनच्या नाममुद्रा कार्यालयाची त्याला मान्यता मिळाली नाही आणि वापराच्या परवान्यावर काम भागवले गेले. पुढे उपक्रमाबाहेरच्या कंपन्याही त्याच नावाने माल विकत असल्याचा आक्षेप दानोनने घेतला, २००७ मध्ये वाद उघडपणे पेटला, आणि २००९ मध्ये दानोनने आपला ५१ टक्के हिस्सा विकून माघार घेतली. व्यवसाय तोट्यात नव्हता. नाव कोणाचे, हा प्रश्न आरंभी अर्धवट सोडला गेला होता.

वेगळे होण्याच्या अटी संबंध गोड असतानाच लिहाव्यात, यात अविश्वास मुळीच नाही. सूचनेची मुदत किती, उरलेला साठा कोण परत घेणार, हमीकाळातील यंत्रांची देखभाल कोण करणार, आणि वाद लवादाकडे केव्हा जाणार, एवढे स्पष्ट असले तरी पुरे.

उत्तर ३: जोडणीवाला

मी देखभालीच्या बाजूने काम करतो, म्हणून तिकडचे सांगतो. गाळणीच्या सांध्यातून पाणी ठिबकू लागले की उत्पादक म्हणतो, जोडणाऱ्याने आटे जास्त आवळले. जोडणारा म्हणतो, रबरी कडेच सदोष होते. ग्राहकाला दोघांशीही देणेघेणे नसते, त्याला पाणी हवे असते. आमच्याकडे यावर एक साधी पद्धत आहे. आधी दुरुस्ती करायची, काढलेला भाग यंत्राच्या क्रमांकासह पिशवीत जपून ठेवायचा, आणि महिन्यातून एकदा दोन्हीकडच्या तंत्रज्ञांनी सगळे भाग समोर ठेवून खर्च कोणाचा ते ठरवायचे. निर्णय व्यवस्थापकांनी नव्हे, तंत्रज्ञांनी घ्यायचा. यातून वाद तर मिटतातच, शिवाय कोणता भाग वारंवार निकामी होतो हे उत्पादकाला आयते कळते. माझ्या मते तुमच्यासाठी या भागीदारीतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच ठरेल.

निर्मळधारा

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. एक अडचण मात्र उरते. एकमेव विक्रीहक्काच्या बदल्यात दरवर्षी किमान ठरावीक यंत्रे घ्यावीत, असे आम्ही सुचवले होते. त्याला त्यांनी स्वच्छ नकार दिला. हा धोक्याचा इशारा समजावा का?

उत्तर: ताळेबंद

लगेच तसे समजू नका, आधी कारण विचारा. पुष्कळदा अशा नकारामागे पुरवठ्याची धास्ती असते. मागणी नोंदवूनही तुमच्याकडून यंत्रे वेळेवर आली नाहीत, तर किमान खरेदीचे बंधन त्यांनी पाळायचे कसे? म्हणून दोन्ही बंधने एकाच कलमात जोडा. ठरलेल्या मुदतीत तुम्ही माल दिला नाही, तर त्या तिमाहीपुरते त्यांचे बंधन सुटेल. माल वेळेवर देऊनही त्यांनी उचलला नाही, तर त्यांचा एकमेव हक्क संपेल आणि ते इतरांसारखेच एक विक्रेते राहतील. पाच वर्षांऐवजी पहिले वर्ष केवळ वसतिगृहांपुरता हक्क द्या आणि कारखान्यांची विक्री मोकळी ठेवा. एवढ्यावरही ते राजी झाले नाहीत, तर मात्र तुमची यंत्रे विकण्यापेक्षा ती दुसऱ्याच्या हाती जाऊ न देणे त्यांना अधिक महत्त्वाचे आहे असे समजावे, आणि नम्रपणे नकार द्यावा.