दोन्ही हातांचं बीपी क्लिनिकमध्ये नेमकं कसं मोजता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धायरीत माझं जनरल प्रॅक्टिसचं छोटं क्लिनिक आहे, मदतीला एक सिस्टर. नवीन पेशंटचं पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बीपी घ्यायचं हे पक्कं आहे, पण पद्धत कशी बसवावी यावर गाडं अडलंय.

निमित्त एका काकूंचं. डाव्या हाताला वरचं १२६, गोळी छान लागू पडलीय असं वाटावं. उजव्याला १४८. थोडं बसवून पुन्हा घेतलं, फरक कायम. दोन्ही मनगटं एकदम धरली तर डावी नाडी स्पष्टच क्षीण लागत होती. डावी सबक्लेव्हियन धमनी (त्या हाताला रक्त नेणारी मोठी धमनी) अरुंद झाली असावी, म्हणून डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, सांगितलंय. घरी त्या डाव्याच हाताला मोजत राहिल्या, तर वाढलेलं बीपी कुणाला दिसणारच नाही, याची मला फार काळजी वाटते. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या विश्लेषणात वरच्या बीपीत १५ किंवा जास्त फरक असलेल्यांत पायांच्या धमन्यांचा आजार आणि हृदयविकाराने मृत्यू, दोन्ही जास्त आढळले होते.

आता अडचण. मशीन एकच. पेशंट जिना चढून आलेला असतो, पहिलं रीडिंग बहुतेकदा चढंच येतं. मग ज्या हाताला आधी पट्टा बांधला तोच 'जास्त' ठरतो. सध्या पाच मिनिटं गप्प बसवून उजवा, डावा, पुन्हा उजवा असं घेते. संध्याकाळच्या गर्दीत हे जमत नाही. शिवाय थंडीत लोक स्वेटरची बाही तशीच वर सारतात, ती दंडाला करकचून बसते आणि त्यावरच पट्टा बांधा म्हणतात.

एकाच मॉडेलची दोन मशीन घेऊन दोन्ही हातांचं एकाच वेळी कुणी मोजतं का? दोन मशीनमधलाच फरक कसा पडताळता?

दहाच्या आतला फरक मी सोडून देते. पुन्हा मोजूनही पंधराच्या वर राहिला, तर जास्त बीपीचा हात केसपेपरवर लाल पेनाने लिहिते आणि पुढे त्याच हाताला मोजते. मधल्यांचं, म्हणजे दहा ते पंधरावाल्यांचं तुम्ही काय करता? पायाचं प्रेशरही लगेच घेता, की आधी घरी आठवडाभर मोजायला लावता?

आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढलेल्या किंवा डायलिसिसचा फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडून केलेली जागा) असलेल्या पेशंटचा तो हात मी वगळते. त्यांच्यात नुसत्या नाडीवरून अंदाज बांधता येतो का?