गॅस बंद करा, पण गोळ्या बंद करायला सांगू नका

निशिगंध

परवा ‘रानवाट’ यांनी इथे लिहिलेलं दोनदा वाचलं. पहिल्यांदा सोडून दिलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: त्यांच्या घरी ५ महिने गॅस पेटलेला नाही, सगळं कच्चं. अन्न ४५ अंशांच्या वर गेलं की त्यातली एन्झाइम्स मरतात आणि मेलेलं अन्न माणसाला आजारी पाडतं, असं त्यांचं म्हणणं. आणि शेवटी हे वाक्य: ‘माझ्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या, तुम्हीही टाका. शरीरासारखा डॉक्टर नाही.’

कोणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझा जीव अडकलाय तो त्या शेवटच्या वाक्यात.

बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफरिन चालू आहे. ठरावीक दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासायचा आणि तो २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायचा. बाबा तो खिशातल्या छोट्या वहीत लिहितात. तारीख डावीकडे, आकडा उजवीकडे, आणि आकडा बरोबर असला की खाली निळी रेघ. असंच कुणाचं तरी वाचून त्यांनी रोज सकाळी मोठा ग्लासभर पालकाचा रस सुरू केला. आम्हाला वाटलं, चांगलंच आहे. पालकात रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के भरपूर, आणि वॉरफरिन चालतं तेच मुळी व्हिटॅमिन केच्या विरोधात, हे आम्हाला नंतर कळलं. वहीतला पुढचा आकडा १.६. त्याखाली रेघ नाही. त्यानंतर आठवड्याभरात, शर्टाचं दुसरं बटण लावता लावता त्यांचा उजवा हात गळून खाली आला. आता हात बराच सुधारलाय. बटणं मात्र आई लावून देते.

त्यांनी तर गोळी सोडलीही नव्हती, फक्त रस प्यायले होते. तुम्ही तर गोळ्याच टाकायला सांगताय. वाचणाऱ्याला काय आजार आहे, हे तुम्हाला माहीत तरी आहे का?

रानवाट

तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण यात पालकाचा काय दोष? ज्यांनी वॉरफरिन लिहून दिलं त्यांनी ‘पालेभाज्या रोज सारख्याच प्रमाणात खा’ एवढं एक वाक्य सांगायला नको होतं? माझा राग नेमका तिथेच आहे. ९ वर्षं मी शुगरच्या गोळ्या खाल्ल्या. दर तीन महिन्यांनी जायचं, दीड तास बाकावर बसायचं, आत गेल्यावर चार मिनिटं. रिपोर्टवरून नजर फिरवून ‘डोस वाढवू या’. काय खाता, असं ९ वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. एकदाही नाही!

आता माझे आकडे. वजन ९६ होतं, आता ८१. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.२ होतं, आता ६.०, तेही गोळीशिवाय. हे खोटं आहे का? माझ्या शरीरात जे झालं ते मी लिहिलं. तुमच्या वडिलांचं झालं ते माझ्या डोक्यावर का?

निशिगंध

डोक्यावर मारत नाहीये. ‘मला असं झालं’ इथवर तुमचं सगळं मान्य. ‘तुम्हीही टाका’ हे तुमच्या शरीरात झालेलं नाही, तो दुसऱ्याला दिलेला सल्ला आहे. आणि हो, डॉक्टरांनी पालेभाज्यांचं सांगायला हवं होतं. हे मान्य करताना मला त्रास होतोय, पण सांगायला हवं होतं.

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं काम करतेय, म्हणून आकड्यांवरच बोलते.

रानवाट, तुमचे आकडे खरे असणार, शंका नाही. पण श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतंय. ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास २०१७ मध्ये आला. टाइप २ मधुमेहाचे ३०६ रुग्ण. निम्म्यांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरी, त्याही पाकिटातल्या पावडरीच्या शेकमधून. कारखान्यात बनलेलं, एक पानसुद्धा कच्चं नाही. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात. आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. तुमचे किती उतरले? १५. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिनचं काम परत सुरू होतं. काकडी कच्ची होती की शिजलेली, हे स्वादुपिंडाला कळत नाही. गोळ्या त्या अभ्यासातही थांबवल्या होत्या, अगदी सुरुवातीलाच. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साखर नि रक्तदाब तपासत.

एन्झाइम्सचं म्हणाल तर ती प्रथिनं. जठरातल्या आम्लात गेली की बहुतेक मोडतात, मग आधी गॅसवर मोडली काय नि नंतर पोटात मोडली काय. वनस्पतींची एन्झाइम्स वनस्पतींच्या कामाची असतात, आपली आपण बनवतो. टोमॅटोतलं लायकोपिन आणि गाजरातलं बीटा-कॅरोटीन तर शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं.

आणि राजमा भिजवून, मोड आणून कच्चा खायची पाककृती तुम्ही दिली होती, ती आज काढून टाका. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन भिजवल्याने जात नाही, किमान १० मिनिटं खळखळून उकळावं लागतं. चार-पाच दाण्यांनीही ओकाऱ्या सुरू होतात.

खडूफळा

मी संपूर्ण कच्च्याहारी नाही, पण इथे सगळे मिळून एकालाच धरताय ते पटत नाही. विज्ञानाच्याच बाजूची गोष्ट सांगतो. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन कसं सापडलं? तू यूयू या चिनी संशोधिका आणि त्यांचे सहकारी छिंगहाव ही वनस्पती उकळून अर्क काढत होते, गुण कधी यायचा, कधी नाही. मग त्यांनी ग हुंग या चौथ्या शतकातल्या वैद्याचा ग्रंथ पुन्हा उघडला. त्यात लिहिलं होतं: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळण्याचा उल्लेखच नाही. बाईंच्या लक्षात आलं, उष्णतेने औषध मरतंय. कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये यश आलं. २०१५ चं नोबेल. तेव्हा ‘उष्णतेने मरतं’ म्हणणारा प्रत्येक माणूस अडाणी नसतो. ब्रोकोलीचंही तेच. फार उकळली की तिच्यातलं मायरोसिनेज एन्झाइम जातं आणि सल्फोराफेन हे गुणकारी द्रव्य नीट तयार होत नाही.

सूक्ष्मदर्शी

ब्रोकोली मान्य. तिथे एन्झाइम खरंच कामाचं आहे, मी सरसकट बोलले. तू यूयूंची गोष्टही खरी, पण अर्धी. अर्क मिळाल्यावर त्यांनी तो आधी प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला, त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं आणि मात्रा ठरवली. त्या वनस्पतीचा काढा मलेरियावर घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना आजही सांगते. पानात औषध किती आहे हे दर पानाला बदलतं, आणि अपुऱ्या मात्रेत जंतू जगतात नि निर्ढावतात.

उंबरठा

एन्झाइम राहू द्या. मला एकच विचारायचंय. रानवाट, तुमच्या घरी चिरतं कोण?

‘गॅस नाही म्हणजे बाईची स्वयंपाकातून सुटका’ असं तुम्ही लिहिलं होतं. आमच्याकडे हा प्रयोग ४ महिने झाला. सकाळी दोन किलो भाज्या धुवायच्या, निथळायच्या, चिरायच्या. मोडांचं पाणी दिवसातून तीनदा बदलायचं. बदाम सोलायचे, वाटायचे, गाळायचे. मिक्सरचं भांडं दिवसात सहा वेळा धुवायचं. शिळं चालत नाही, म्हणून संध्याकाळी परत तेच. कच्च्याने पोट भरायला ढीगभर लागतं, ते चावून खायलाच पाऊण तास. बोटांच्या टोकांना भेगा पडल्या होत्या माझ्या, लिंबू पिळताना डोळ्यांत पाणी यायचं. आणि नवऱ्याच्या मित्रांत कौतुक कोणाचं? नवऱ्याच्या निश्चयाचं.

रानवाट

आमच्याकडे बायको चिरते. तिला आवडतं ते. तिची तक्रार नाही.

उंबरठा

विचारलंत कधी?

पाऊलखुणा

विषय आहाराचा आहे, तो नवरा-बायकोवर का नेताय? प्रत्येक चर्चेत हेच.

उंबरठा

कारण आहार आकाशातून पडत नाही, कुणाच्या तरी हातून ताटात येतो. ‘विषय सोडून’ असं ज्यांना वाटतं त्यांनी एक आठवडा सगळं स्वतः चिरून मग इथे यावं.

पाऊलखुणा

मी एकटा राहतो, रोज स्वतःच चिरतो. मला शिकवू नका.

सांजवेळ

मी फारशी लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलसाठी आम्ही दोघांनी कच्चा आहार सुरू केला. त्याला फरक पडला, हे खरं. त्याचे रिपोर्ट फ्रिजच्या दारावर लावलेले असायचे. माझे रिपोर्ट नव्हतेच, मला आजार कुठे होता? चौथ्या महिन्यात पाळी लांबली. सहाव्यात आलीच नाही. मी तेव्हा ३४ ची. केस विंचरले की कंगवा भरून निघायचा. अशाच एका लेखात ‘शरीर शुद्ध होतंय, म्हणून पाळी थांबते’ असं वाचलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. कुणाला सांगितलंही नाही. माझं वजन ४३ वर आलं होतं, तेही बारीक झाल्याचं कौतुक म्हणून ऐकून घेतलं. शेवटी बहिणीने ओढत नेलं. शिजवलेलं खायला लागल्यावर पाच महिन्यांनी पाळी परत आली.

कच्चं खात होते त्या महिन्यांत मला कुणी ‘तक्रार आहे का’ विचारलं असतं, तर मीही ‘नाही’च म्हटलं असतं.

सूक्ष्मदर्शी

सांजवेळ, तुम्ही एकट्या नाही. जर्मनीतल्या गीसनच्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्यांची पाहणी केली होती, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ४५ च्या आतल्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. पोटात ऊर्जाच कमी गेली की शरीर आधी तो खर्च थांबवतं. याला शुद्धी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. त्याच गटाच्या २००५ च्या अभ्यासात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) चांगली निघाली, हे रानवाट यांच्या बाजूने सांगते. पण ३८ टक्के लोकांत बी-१२ कमी होतं.

निशिगंध

सांजवेळ, हे लिहिलंत म्हणून खूप आभार. मी बाबांचंच धरून बसले होते.

रानवाट

गोळ्या टाकण्याबद्दलची ओळ काढली आहे. राजम्याची पाककृतीही. कुणाच्या दडपणाखाली नाही. ती ओळ मी रागात लिहिली होती, आणि राग माझ्या ९ वर्षांचा होता, वाचणाऱ्यांचा नव्हता. कच्चा आहार मी सोडणार नाही. वजन उतरल्यामुळे झालं म्हणता, तर वजन कशाने उतरलं? तुमच्या पावडरीने नाही उतरलं.

बायकोला विचारलं. ती काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही. आज भाज्या मी चिरल्या. उद्या तिचं हिमोग्लोबिन तपासून घेतो.

सूक्ष्मदर्शी

नुसतं हिमोग्लोबिन करू नका. पालेभाज्यांतून फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर जातं, त्यामुळे बी-१२ कमी असूनही हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं आणि आत नसांना इजा होत राहते. बी-१२ आणि होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) या दोन्ही तपासण्या लिहून घ्या. स्पायरुलिना या शेवाळाच्या गोळ्या चालू असतील तर त्यावर विसंबू नका, त्यातलं बी-१२ आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं. तळपायाला मुंग्या येतात का, तेही तिला विचारा. आणि तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलंत? शुगरचा आकडा दिलात, बीपीचा कुठेच नाही.