इंजिनाआधी काउल तपासावे
इंजिन चालू स्थितीत असले की मुलांसोबत दुरुस्त करायला फोर्डची जुनी मस्टँग गाडी बिनधास्त विकत घ्यावी, बाकीचे काम घरी हळूहळू करता येते, हा सल्ला मला अर्धाच पटतो. १९६५-६६ च्या मस्टँगचे इंजिनाचे सुटे भाग आजही सहज मिळतात. खिसा रिकामा करतो तो गंजलेला पत्रा, आणि त्यातही समोरच्या काचेखालची, बाहेरची हवा आत घेणारी दुहेरी पत्र्याची पोकळी, म्हणजे काउल. तिथे साचलेल्या पाल्यापाचोळ्यात ओल टिकून राहते, हवेच्या झरोक्यांभोवतीचा पत्रा आतून कुजतो आणि पावसाचे पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात उतरून तळाचा पत्राही खाते. दुरुस्तीसाठी स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे जोड) सोडवून वरचा पत्रा काढावा लागतो, जे नवशिक्या कुटुंबाचे काम नव्हे.

आम्ही गाडी पाहायला गेलो तेव्हा विक्रेत्याच्या परवानगीने मी काउलच्या जाळीत पाणी ओतले आणि मुलगी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवी झाली. दोन्ही बाजूंनी धार लागलेली तिला दिसल्यावर ती चकचकीत लाल गाडी आम्ही तिथेच सोडली. शिवाय १९६५ किंवा १९६६ च्या मस्टँगच्या ओळख क्रमांकातले पाचवे अक्षर ‘टी’ असेल, तर बाजूला व्ही-८ चा (आठ सिलिंडरच्या इंजिनाचा) बिल्ला कितीही मिरवत असला तरी ती मुळात सहा सिलिंडरचीच, आणि किंमत त्याच हिशेबाने करावी.