मदत हवी आहे: साध्या बोलण्यातून आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यावी?

बंधूभगिनींनो, नमस्कार. एक गोष्ट आठवडाभर मनाला लागून राहिली आहे.

ऑफिसमधल्या मैत्रिणीचे वडील खूप आजारी आहेत. परवा डबा खाताना तिने विचारलं, "तुझी आई गेली तेव्हा तू एवढी शांत कशी राहिलीस गं?" मी उत्तर दिलं, "राहिले कशीतरी." खरं उत्तर ओठांवर होतं. त्या रात्रींमध्ये मला प्रभू येशूने धरून ठेवलं होतं, आणि तेच मी गिळून टाकलं.

बायबलमध्ये १ पेत्र ३:१५ मध्ये आपल्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने, असं सांगितलं आहे. विचारणारी समोर बसली होती, तयार मीच नव्हते. भीती एवढीच की तिच्या दुःखाचा फायदा घेतेय असं तिला वाटू नये. ती माझ्या विश्वासाची नाही, आणि आमची मैत्री मला जिवापाड जपायची आहे.

बायबलमधल्या योहान ९ मधला, येशूने दृष्टी दिलेला आंधळा आठवतो. येशू पापी आहे का, असं विचारल्यावर ते मला ठाऊक नाही, असं तो म्हणाला. मी आंधळा होतो, आता मला दिसतं, एवढंच मला ठाऊक आहे, असं त्याने सांगितलं. मलाही तसंच दोन-तीन वाक्यांत सांगायचं आहे, प्रवचन नको.

तो विषय मी आता आपणहून पुन्हा काढावा, की तिने विचारेपर्यंत थांबावं? "तुझ्या बाबांसाठी प्रार्थना करू का?" असं आधी विचारलं तर चालेल का? तुम्ही अशा वेळी नेमके कोणते शब्द वापरलेत, ते कृपया सांगा. सोमवारी आम्ही पुन्हा भेटणार आहोत.