शब्दचर्चा : मन रमवणे, मन गुंतवणे, वाईट वाटून घेणे

प्रश्न

एका पत्रकाचा मजकूर लिहिते आहे. विषय साधा : एखादा दिवस वाईट गेला, मन लागत नाही, तर काय करावं. मी लिहिलं, ‘अशा वेळी मन रमवा’. एक सहकारी म्हणाली ‘मन गुंतवा’ जास्त बरं. दुसऱ्याने ‘मन वळवा’ सुचवलं. तिन्ही कानाला ठीक वाटतात, पण एकच नव्हेत असंही वाटतं. नेमका फरक काय? आणि ‘स्वतःला सावरा’ असं शेवटी लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद

‘मन वळवा’ आधी काढून टाका. मराठीत मन वळवतात ते दुसऱ्याचं, तेही त्याला राजी करण्यासाठी : ‘शेवटी वडिलांचं मन वळवलं एकदाचं.’ स्वतःबद्दल वापरायचं तर ‘मन दुसरीकडे वळवा’ असं पूर्ण म्हणावं लागेल. त्या ‘दुसरीकडे’शिवाय वाचणारा गोंधळेल.

उरलेल्या दोघांत खरा फरक आहे. गुंतणे म्हणजे दोऱ्याचं गुंतणं. गुंतलेली गोष्ट सहज सुटत नाही, सोडवावी लागते. म्हणून ‘कामात गुंतलोय’ म्हणजे आत्ता येता येणार नाही, आणि ‘मन गुंतलं’ म्हणजे आता दुसरीकडे जाणार नाही. वाईट दिवशी मन आधीच कशात तरी गुंतलेलं असतं. सकाळी कुणी टाकलेला शब्द, बिघडलेलं काम, न आलेला फोन. त्याला आणखी एकात गुंतवायचा सल्ला मला तरी नको वाटतो.

रमणे वेगळं. संस्कृतात रम् धातूला आनंद घेणे हा अर्थ आहे तसाच थांबणे, विसावणे हाही आहे. रमणीय, रती एकीकडे आणि विराम, उपरम दुसरीकडे, अशी त्याची कुळं. मराठी ‘रमणे’मध्ये दोन्ही आले : मूल खेळात रमतं तेव्हा त्याला मजा येतेच, शिवाय त्याची भुणभुण थांबते. रमलेल्याला उठवावं लागलं तरी सोडवावं लागत नाही. पत्रकात ‘मन रमवा’च ठेवा.

‘सावरा’बद्दल मात्र शंका आहे. दुसरं कुणीतरी सांगेल.

प्रतिसाद

सावरणे हे घसरत्या गोष्टीचं क्रियापद आहे. तोल सावरतात, पदर सावरतात, ‘पडता पडता सावरला’ म्हणतात. अजून पडलेलं नाही, पण पडण्याच्या बेतात आहे. पडून झाल्यावर ‘सावरला’ म्हणतो तेव्हा फार मोठं काही घडून गेलेलं असतं : ‘त्या धक्क्यातून ती अजून सावरली नाही.’ आणि ‘सावरा स्वतःला’ हे वाक्य आपण कुठे ऐकतो आठवून पाहा. घरात कुणी गेलं असेल तिथे. ज्याचा फक्त मंगळवार वाईट गेलाय त्याच्या हातात हे वाक्य ठेवलं तर तो दचकेल.

जाता जाता, ‘वाईट दिवस’ हाही शब्दप्रयोग तपासून घ्या. ‘दिवस वाईट गेला’ म्हणजे एक दिवस. ‘वाईट दिवस आले’ म्हणजे हलाखी. शीर्षकात नुसतं ‘वाईट दिवस’ लिहिलंत तर काहींना ते पैशांच्या तंगीबद्दलचं पत्रक वाटेल. (‘दिवस गेले’ एवढंच लिहिलंत तर अभिनंदनाचे निरोप येतील, ते वेगळंच.)

प्रतिसाद

या चर्चेत क्रियापदांकडे बघायला हवं, नामांकडे नव्हे. मराठीत मनाच्या अवस्था बहुतेक ‘मला’ होतात : मला कंटाळा येतो, उबग येतो, वाईट वाटतं, हुरहूर लागते, करमत नाही. कर्ता मी नाही, ते माझ्याकडे येतं. चांगल्या बाजूलाही तेच. हुरूप येतो, धीर येतो, तरतरी येते, बरं वाटतं. हुरूप दुसरा देऊ शकतो, काम सरकलं की तो वाढतो, पण ‘मी हुरूप केला’ असं वाक्य होत नाही.

आता त्याच नामांना ‘करणे’ किंवा ‘घेणे’ लावून बघा. ‘कंटाळा येतो’ ही तक्रार, पण ‘कंटाळा करतो’ हा आरोप. ‘त्रास होतो’ आणि ‘त्रास करून घेतो’. ‘मनाला लागतं’ आणि ‘मनाला लावून घेतो’. ‘वाईट वाटतं’ आणि ‘वाईट वाटून घेतो’. हे ‘वाटून घेणे’ मला फार कामाचं वाटतं. वाटणं आपल्या हातात नाही. घेणं थोडंफार आहे. एवढी बारीक रेघ भाषेने रोजच्या बोलण्यात ओढून ठेवली आहे.

पत्रकात सल्ला देताना ‘मी’ कर्ता होऊ शकेल असंच क्रियापद निवडा. ‘आनंदी व्हा’, ‘उत्साही राहा’ ही वाक्यं व्याकरणात बसतात, पण त्या माणसाने नेमकं करायचं काय? ‘उठा’, ‘चालून या’, ‘कुणाशी तरी बोला’, ‘तेवढं एक काम उरका’ ही करता येणारी वाक्यं आहेत.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला मानसशास्त्रातूनही दुजोरा आहे. उदासीवरच्या उपचारांत एक पद्धत अशी आहे की इच्छा होण्याची वाट पाहायची नाही. आधी छोटी, ठरवलेली कृती करायची, मूड मागाहून येऊ द्यायचा. तुमच्या भाषेत : हुरूप यायचा तेव्हा येईल, ‘मी’चं वाक्य आधी सुरू करा.

आणखी एक अस्सल मराठी क्रियापद इथे हवंच : उगाळणे. ‘तेच तेच उगाळत बसू नकोस.’ सहाणेवर जितकं उगाळाल तितका लेप दाट होत जातो. सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञाचं बरंचसं संशोधन याच सवयीवर आहे. उदास मनाने ‘मलाच असं का होतं’ हे घोळवत राहिलं की उदासी लांबते, आणि थोडा वेळ लक्ष दुसरीकडे गेलं तर ती उतरते, असं त्यातून दिसलं. म्हणजे ‘मन रमवणे’ हा पळपुटेपणा नाही. त्या वेळेपुरता तो उपायच आहे.

पण उगाळणे आणि मन मोकळं करणे यांची गल्लत नको. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात : माणूस आपलं दुःख सांगतोय. मोकळं करण्यात काहीतरी बाहेर जातं, माणूस हलका होतो. उगाळण्यात तीच गोष्ट पाचव्यांदा सांगून तो जास्त जड होतो. ‘कुढणे’ म्हणजे तोंड न उघडता उगाळणे.

प्रतिसाद

‘वाईट वाटून घेऊ नका’ हे मात्र कृपा करून पत्रकात छापू नका. व्याकरण कितीही सुंदर असलं तरी ऐकणाऱ्याला ते ‘चूक तुझीच’ असं ऐकू येतं. असं वाक्य जवळच्या माणसाने खांद्यावर हात ठेवून म्हणायचं असतं. कागदाने म्हणायचं नसतं.

‘मनावर घेऊ नका’चंही तसंच. गंमत म्हणजे त्याचं होकारार्थी रूप त्याचा उलटा अर्थ देत नाही. ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणजे दुखावून घेऊ नकोस. ‘जरा मनावर घे’ म्हणजे आळस सोड, नेट लाव. म्हणजे दोन्ही एकाच माणसाला एकाच दिवशी सांगता येतात, आणि घराघरांत सांगतातही.

मूळ प्रश्नकर्ती

भरपूर मिळालं, आभार. आता दुसरी अडचण. सुरुवातीला मी ‘मूड ऑफ असेल तर’ असं लिहिलं होतं, ते सगळ्यांना खटकलं. ‘मनःस्थिती ठीक नसेल तर’ केलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं वाटतंय. ‘उदास’ लिहू का ‘निराश’?

प्रतिसाद

मूडला हाकलायचं कारण नाही. मूड जातो, येतो, बनतो, ‘मूड नाही’ म्हणून माणूस सुटतो. इतकी मराठी क्रियापदं ज्याने पोटात घेतली तो शब्द आता घरचाच. माझी तक्रार वेगळी आहे. ‘मूड ऑफ’ म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. वैताग आहे का मरगळ? हिरमोड झालाय का रुखरुख लागलीय? प्रत्येकाचं क्रियापद पाहा. मरगळ झटकतात, वैताग कुणावर तरी काढतात, हिरमोड होतो तो अपेक्षा असते म्हणून, रुखरुख लागून राहते कारण काहीतरी करायचं राहून गेलं. मरगळ आली असेल तर चालून येणं उपयोगी. रुखरुखीला चालणं पुरत नाही, तो राहिलेला फोन करावा लागतो.

भावनेला नाव दिल्याने ती थोडी निवते, याला प्रयोगाचा आधार आहे. 2007 साली मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं की फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला तेव्हा अमिग्डाला या भावनांशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया मंदावते. पत्रकात एक ओळ टाका : ‘नेमकं काय वाटतंय त्याला नाव द्या.’ खाली पाच-सहा शब्द द्या. वाचणारा आपला निवडेल.

प्रतिसाद

‘उदास’ आणि ‘निराश’मध्ये मी उदास घेईन. निराशा कशाची तरी असते, आशा होती आणि ती फळली नाही. उदास माणसाला कारण सांगता येईलच असं नाही.

शब्द म्हणून उदासचा प्रवासही लांबचा आहे. उद् + आस्, म्हणजे बाजूला बसणे. संस्कृतात उदासीन तो, जो कोणत्याच बाजूचा नाही. तुकोबांच्या ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ या ओळीत उदास म्हणजे दुःखी नव्हे, अलिप्त. पैसा कमवावा आणि त्यात न गुंतता खर्चावा. (पुन्हा ‘गुंतणे’ आलंच बघा.) आजच्या उदासीतही ती बाजूला बसण्याची छटा शिल्लक आहे. उदास माणूस भांडत नाही, खिडकीशी जाऊन बसतो.

त्याहून मजेदार सद् धातू. बसणे, खाली जाणे, निवळणे हे त्याचे अर्थ. वि लागला की विषाद आणि विषण्ण, अव लागला की अवसाद, प्र लागला की प्रसाद आणि प्रसन्न. प्रसन्न हे विशेषण संस्कृतात पाण्यालाही लागतं, गाळ खाली बसून निवळलेलं पाणी. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग, आणि सहाव्या अध्यायात ‘उद्धरेदात्मनात्मानं नात्मानमवसादयेत्’ : स्वतःनेच स्वतःला वर काढावं, खचू देऊ नये. खचायला लावणारा आणि वर काढणारा, दोघांच्या जागी एकच शब्द, आत्मा. ‘स्वतःला सावरा’चं हे मूळ म्हणा हवं तर. पण पत्रकासाठी जडच.

प्रतिसाद

एक महत्त्वाचं. ‘नैराश्य’ हा शब्द सैल हाताने वापरू नका. डॉक्टर तो आजाराचं नाव म्हणून वापरतात. दोन आठवडे किंवा जास्त, जवळपास रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खाली राहणं किंवा कशातच रस न वाटणं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणं, असं असेल तर त्याला वाईट दिवस म्हणून चालणार नाही. तिथे ‘मन रमवा’ हा सल्ला अपुरा आहे, डॉक्टरांकडे जायला सांगायला हवं. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी. तुमच्या पत्रकात ही ओळ ठळक हवी, तळटीपेत नको.

मूळ प्रश्नकर्ती

घातली, ठळक. बाकी मजकूर आता असा झालाय : ‘आज उदास वाटतंय? नेमकं काय वाटतंय त्याला नाव द्या. जागेवरून उठा, थोडं चालून या. तेच तेच उगाळण्यापेक्षा कुणापाशी तरी मन मोकळं करा. ज्यात मन रमतं असं काहीतरी थोडा वेळ करा. छान वाटेल.’

प्रतिसाद

शेवटचं ‘छान’ काढा. तेवढं वचन कुणाला देता येत नाही. ‘जरा बरं वाटेल’ लिहा. ताप उतरल्यावरही आपण ‘बरं वाटतंय’च म्हणतो. आणि ‘जरा’ कुणी गाळायला सांगितलं तरी गाळू नका.