लोणार व्हीआरमध्ये दाखवायचं तर

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर चष्मा लावून आभासी दृश्यात शिरायचं तंत्र. उल्का आदळून झालेलं लोणारचं सरोवर त्यातून दाखवायचं म्हटलं की "चष्म्यातून लोणार बघितलं की तिकडे जाणार कोण?" अशी शंका घेतली जाते. ती मला पटत नाही. सरोवराचा तो उग्र वास घ्यायला तिथेच जावं लागेल. पण काठावर उभं राहून जे दिसत नाही, ते व्हीआर दाखवेल: बेसॉल्ट खडकावर उल्का आदळतानाचा क्षण, किंवा जून २०२० मधलं गुलाबी पाणी. तो रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा, हे पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात उतरणं गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना झेपत नाही. त्यांना खाली पाण्याकाठी असलेल्या कमळजादेवीचं दर्शन तरी घडेल. निवेदन मात्र लोणारच्याच गाईडकडून घ्या. लवणासुराला मारणाऱ्या दैत्यसूदन विष्णूची गोष्ट त्यांच्याच बोलीत हवी, आणि त्याचे पैसेही त्यांना मिळायला हवेत.