मदत हवी आहे : बर्फात घसरू नये म्हणून पिकअपच्या टायरवर चढवायच्या साखळ्या (स्नो चेन) कोणत्या घ्याव्या?

मंडळी, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला. आमच्या सहलीच्या बसमागे स्वयंपाकाचं सामान घेऊन माझी पिकअप चालते. जानेवारीत मनाली आणि अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला जायचंय. आयुष्य ४५ अंशांच्या उन्हात गेलं, बर्फात गाडी कधी चालवली नाही. सोबत आचारी आणि दोन पोरं आहेत, त्यांची काळजी वाटते.

गाडी मागच्या चाकांवर ओढते, म्हणजे साखळ्या मागेच लावायच्या, एवढं कळलं. टायरवर २१५/७५ आर १५ असा आकडा आहे, साखळी त्याच मापाची हवी हेही समजलं. अडचण पुढे आहे. टायरची आतली बाजू आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) यांत माझ्या गाडीला दोन बोटंच जागा आहे. जाड कड्यांची साखळी तिथे घासेल का? ब्रेकची नळीही जवळच आहे. शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांची घ्यावी, की चौकटीच्या जाळीची? जाळीची साखळी असली की उतारावर गाडी आडवी घसरत नाही म्हणतात, पण मग पुढची चाकं मोकळी राहून स्टिअरिंग ऐकेल का?

आणखी एक. साखळी लावून थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा ताणायची असते. हे तुम्ही जॅक न लावता कसं करता? बोटं गारठलेली असताना साखळीचा आकडा (हूक) आत कसा अडकवता? इथे खळ्यात चार वेळा सराव करूनच निघणार आहे.

ज्यांनी भरलेली पिकअप तिकडे नेली आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगा. फोटो असेल तर फार उपकार होतील.